जुन्या मिलिटरी पेटीवरचे आणि थ्री नॉट थ्रीवरचे शिक्के कसे वाचायचे? (घाईचं आहे, शनिवारी सुतार येतोय)

जुनाबाजारी

नमस्कार मंडळी. गेल्या बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारातनं एक लांबडी लाकडी पेटी घेतली. विकणारा एवढंच म्हणाला की मिलिटरीची आहे, बंदुकांची. बाहेरनं मापली तर सव्वाचार फुटांच्या आसपास भरते, आतनं चार फुटांना थोडी कमी. दोन्ही टोकांना जाड दोरीची कडी, झाकण स्क्रूंनी बसवलेलं. आत दोन आडव्या फळ्या आहेत आणि त्यांना खाचा पाडल्यात, प्रत्येक फळीत पाच. एका फळीच्या खाचा मोठ्या, दुसरीच्या जरा लहान पण तशाही रुंदच. बाहेर हिरवा रंग, दोन-तीन थर तरी असतील, कारण जिथे टवका उडालाय तिथे खाली वेगळाच हिरवा दिसतो. एका टोकाला पांढऱ्या रंगात ७.६२ हा आकडा आहे, पुढचं पुसलंय. आणि त्याच टोकाला लाकडातच दाबून उठवलेली एक खूण आहे, कोंबडीच्या पायासारखी तीन बोटं आणि खाली इंग्रजी आय.

सुतार म्हणतोय शनिवारी येऊन रंधा मारतो, फ्रेंच पॉलिश करतो, खिडकीखाली बसायला मस्त बाक होईल. मलाही ते पटलं होतं, पण ती खूण बघितल्यापासून हात थांबलाय. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, इटलीत लढले. त्यांची बंदूक आम्ही कुणी बघितली नाही, पण थ्री नॉट थ्री (.३०३ इंच नळीची ली-एनफील्ड रायफल) हा शब्द लहानपणी रोज कानावर पडायचा, खरं सांगायचं तर त्यापायीच ही पेटी घेतली. आता पेटीवर ७.६२ लिहिलंय, ते तर नंतरच्या रायफलींच्या नळीचं मिलिमीटरमधलं माप, म्हणजे ही त्या बंदुकीची नाहीच का? जाणकारांनी सांगा.

खडकीकर

दादा, पहिलं काम म्हणजे सुताराला फोन करा आणि शनिवार रद्द करा. बाकीचं मग बोलू.

खडकीकर

हां, आता सविस्तर लिहितो. ती कोंबडीच्या पायाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारचा बाण, सरकारी मालमत्तेची खूण. पूर्वी त्यांचं ऑर्डनन्स बोर्ड तोफेपासून तंबूपर्यंत सगळ्यावर हा बाण मारायचं. त्याच्याबरोबर आय असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. हाच बाण सी च्या पोटात असेल तर कॅनडा, दोन डी च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया, यू च्या आत असेल तर दक्षिण आफ्रिका, एन आणि झेड च्या मध्ये असेल तर न्यूझीलंड. आणि बंदुकीवर दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर दिसले तर समजायचं की माल सरकारी खात्यातून रीतसर विकून बाहेर काढलाय. म्हणजे तुमची पेटी इंग्रजांच्या राज्यातली, हे त्या एका आय ने सांगितलं.

आता ७.६२ चं. लाकडात दाबलेली किंवा डागलेली खूण आणि वरून रंगवलेला आकडा, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं धरा. दाबलेली खूण एकदाच बसते, पेटी बनते किंवा तपासणीतून पास होते तेव्हा. रंग मात्र दर वेळी बदलतो, आत माल काय आहे, कुठून कुठे चाललाय त्याप्रमाणे. डेपोत पेटी रिकामी झाली की फेकत नाहीत, वरून ब्रश मारतात आणि नवा स्टेन्सिल लावतात. त्यामुळे खूण सांगते जन्म आणि रंग सांगतो शेवटची नोकरी. तुमच्या पेटीवर दोन्ही आहेत म्हणून ती एवढी मोलाची आहे.

रंध्याचं का सांगतो तर माझ्या हातून हे पाप झालंय. १९९८ साली वडिलांनी आणलेली एक दारूगोळ्याची पेटी होती, आतनं टिनचं अस्तर, झाकण सरकवायचं. आम्ही चांगल्या हेतूने ती एका कारागिराकडे दिली, त्याने घासून गुळगुळीत करून आणली, दिसायला सुंदर. अक्षरं सगळी गेली. त्यावर काय होतं हे आज मला आठवत नाही आणि फोटो नाही. पेटी अजून घरात आहे पण तिला आता काही विचारता येत नाही.

कोतवाले काका

मी फौजेत होतो, बरीच वर्षं कोतीत काढली (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली). खडकीकरांनी पेटीचं बरोबर सांगितलंय, मी बंदुकीचं सांगतो म्हणजे दोन्ही जुळवून बघता येईल.

थ्री नॉट थ्री हातात घ्या, म्हणजे हातात नसली तर म्युझियमच्या काचेतून बघा, आणि उजव्या बाजूला जिथे लाकडी दस्ता लोखंडात शिरतो तिथल्या पट्ट्यावर नजर ठेवा. तिची सगळी जन्मकुंडली तिथे असते. सगळ्यात वर मुकुट. त्याखाली राजाची अक्षरं, विलायतच्या मालावर जी.आर. म्हणजे जॉर्ज राजा आणि आपल्या बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या मालावर जी.आर.आय., तो आय म्हणजे इम्परेटर, बादशहा, कारण इथे तो बादशहा होता. मग कारखान्याचं नाव, विलायतचे एनफील्ड, बी.एस.ए. (बर्मिंगहॅमचा), एल.एस.ए. (लंडनचा), ऑस्ट्रेलियाचं लिथगो किंवा आपलं इशापूर. मग साल, मग शॉर्ट एल.ई. म्हणजे आखूड ली-एनफील्ड, आणि शेवटी रोमन तीन म्हणजे मार्क तीन, कधी त्याच्यापुढे एक चांदणी.

ती चांदणी बारीक असते पण महत्त्वाची. मार्क तीन ही बंदूक १९०७ ची. पहिल्या महायुद्धात एवढ्या बंदुका लागायला लागल्या की १९१६ मध्ये काही भाग गाळून टाकले, मॅगझिन (गोळ्यांचा डबा) बंद करायची पट्टी आणि लांब पल्ल्याचा नेम धरायची बाजूची साईट हे त्यातलेच, आणि त्या सोप्या केलेल्या बंदुकीला चांदणी दिली. दस्त्यावर पितळेची गोल चकती असायची, पलटणीचं नाव कोरायला, तीही त्याच वेळी गेली. म्हणून १९१२ सालच्या बंदुकीवर चकतीची जागा दिसली तर ती बरोबर आहे, आणि १९४० च्या इशापूरवर मूळची चकती कुणी दाखवली तर थोडं थांबून विचारायचं. १९२६ ला नावं बदलली आणि हीच बंदूक नंबर वन मार्क तीन झाली, दुसऱ्या महायुद्धातली नंबर फोर वेगळी, ती पुढे आली.

आता नंबर. एकाच बंदुकीचा नंबर बॉडीवर, नळीवर, बोल्टच्या (गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या) दांड्याच्या मुळाशी, साईटच्या पट्टीवर आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी टोपीखाली असा ठिकठिकाणी मारलेला असतो. सगळे जुळले तर बंदूक कारखान्यातून आली तशी आहे. आमच्या कोतीत बोल्ट आणि बॉडीचा नंबर रोज जुळवून बघायचो, कारण एकीचा बोल्ट दुसरीत गेला तर गोळी झाडताना धोका. दस्त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेला बट नंबर मात्र वेगळा, तो पलटणीचा असतो, जवान आपली बंदूक त्याच नंबराने ओळखतो आणि बंदूक दुसऱ्या पलटणीत गेली की तोही खरवडून नवा लिहितात.

एनसीसीवाली

काका, नमस्कार. आमच्या कॉलेजात एनसीसीत ज्या रायफली होत्या त्यांच्यावर डी.पी. असं मारलेलं होतं आणि दस्त्यावर पांढरा पट्टा. आम्ही पोरी म्हणायचो डी.पी. म्हणजे दुबळी-पातळी, कारण आम्हाला उचलायला ती भारी पडायची. त्याचा खरा अर्थ काय? आणि एक ई.वाय. लिहिलेली पण होती, नळीजवळ लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली.

कोतवाले काका

पोरी, डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. ती जुनी झिजलेली बंदूक असते, तिच्यातून गोळी झाडायची नाही, बऱ्याच वेळा फायरिंग पिन काढलेली असते. पांढरा पट्टा त्यासाठीच की लांबून दिसावं आणि चुकून कुणी काडतूस भरू नये.

ई.वाय. ची गोष्ट अशी की नेहमीच्या गोळीबारासाठी नीट न राहिलेली बंदूक ग्रेनेड फेकायला ठेवायचे, आणीबाणी आली तरच गोळी भरायची. ग्रेनेडचा झटका मोठा, लाकूड फुटू नये म्हणून ती तार, वरून डाग दिलेला. इशापूरच्या बंदुकीवर अजून एक ओळखीची गोष्ट म्हणजे घोड्याच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू. लाकूड चिरू नये म्हणून घातलेला. तो दिसला की बंदूक कुठेही बनलेली असो, ती हिंदुस्थानात नांदून गेली आहे असं मी म्हणतो.

ब्रमिंगहमकर

बर्मिंगहॅमला राहतो, इथल्या शूटिंग क्लबात रीतसर परवान्याने .३०३ वापरतो, म्हणून एक भर. इथे बाजारात आलेल्या बंदुकीवर लष्करी शिक्क्यांच्या जोडीला नळीवर नागरी प्रूफ हाउसचे (बंदूक दाब सोसते का ते तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के असतात, लंडनचं एक आणि आमच्या बर्मिंगहॅमचं एक. नायट्रो प्रूव्ड असं लिहिलेलं आणि पुढे .३०३, मग २.२२२ म्हणजे काडतुसाच्या केसची इंचांतली लांबी, मग १८.५ टन, म्हणजे चौरस इंचाला किती दाबापर्यंतचं काडतूस चालेल ते. हे शिक्के असले की समजायचं की बंदूक लष्कराकडून सुटून व्यापाऱ्याच्या हातात गेली होती. म्हणजे ती पण शेवटच्या नोकरीची खूण, खडकीकरांच्या भाषेत.

नंबर फोर वर गंमत अशी की कारखान्याचं नाव लपवलेलं असतं. युद्धात शत्रूला कळू नये म्हणून संकेत दिलेले, एम ४७ सी म्हणजे बी.एस.ए. चा शर्लीचा कारखाना, तो आमच्या घरापासून फार लांब नाही. आणि युएस प्रॉपर्टी असं लिहिलेली दिसली तर अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने बनवलेली, १९४१ च्या लेंड-लीज कायद्याखाली ब्रिटनला दिलेली, म्हणून कागदोपत्री मालक अमेरिका.

वाड्यातला

धाग्याचा विषय थोडा सोडून विचारतो, माफ करा. आमच्या वाड्यात माळ्यावर एक गज लांब, गंजलेली, चकमकीची बंदूक सापडली. चापाच्या पट्टीवर बदामाचा आकार आहे, त्याचे चार भाग केलेत, आत इंग्रजी अक्षरं व्ही, ई, आय, सी अशी वाटतात आणि बदामाच्या डोक्यावर इंग्रजी चार सारखा आकडा. काय असेल?

खडकीकर

विषय सोडून अजिबात नाही. तो बदाम म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची मालाच्या गाठोड्यावर मारायची खूण, तीच त्यांनी बंदुकांवरही आणली. व्ही हे जुन्या पद्धतीचं यू आहे, युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बदाम सोडून मुकुट धरलेला उभा सिंह घेतला, म्हणून बदामवाली त्याच्या आधीची. पण एक करा, पट्टी घासू नका आणि अक्षरं किती खोल आणि किती सरळ आहेत ते बघा. ही खूण पर्यटकांना विकायच्या नव्या बंदुकांवर फार मारतात. खरी खूण पोलादात ठोकून बसलेली असते आणि तिच्या कडा गंजाबरोबर मऊ झालेल्या असतात, नव्या खुणेची कड बोटाला टोचते.

नकलांवरून आठवलं. सरहद्दीवर, खैबरच्या बाजूला, हाताने बनवलेल्या मार्टिनी (ली-एनफील्डच्या आधीची ब्रिटिश रायफल) आणि ली-एनफील्ड पुष्कळ आहेत. कारागीर हाताचा पक्का पण इंग्रजी वाचता येत नाही, मग एन उलटा पडतो, एनफील्डच्या स्पेलिंगमध्ये अक्षर गळतं, आणि व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, तिच्या खाली १९०५ साल. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. एवढं एक माहीत असलं तरी पुष्कळ फसवणूक टळते.

कायदेवाली ताई

वाड्यातले आणि जुनाबाजारी, दोघांनाही कळकळीने सांगते. रिकामी पेटी ठेवायला काही हरकत नाही. पण आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ मध्ये हत्याराचे सुटे भागसुद्धा हत्यारातच येतात, आणि .३०३ हा आपल्याकडे बंदी असलेला बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. पेटीच्या फटीत बोल्ट, नळीचा तुकडा किंवा काडतूस सापडलं तर स्वतः खटपट न करता जवळच्या ठाण्यात कळवा, फोटो काढून, लेखी. वाड्यातली चकमकीची बंदूक पुरातन असली तरी तिचीही चौकशी वकिलामार्फत आधी करून घ्या. काडतूस जिवंत असू शकतं, पन्नास वर्षांनंतरही.

वरणगावकर

काडतुसांचा विषय निघाला म्हणून, हात न लावता नुसत्या बुडावरून काय कळतं ते सांगतो, कारण आमच्या गावातच कारखाना आहे. के आणि एफ ही अक्षरं असली तर खडकी, तो कारखाना १८६९ चा. ओ.एफ.व्ही. असलं तर आमचं वरणगाव, जळगाव जिल्ह्यातलं, १९६० च्या दशकातलं, म्हणून .३०३ नव्हे, ७.६२ वर दिसतं. साल दोन आकडी असतं. जुन्या .३०३ वर रोमन सात असतो, तो गोळीचा मार्क, आणि बुडाच्या मधोमध पिन आदळते त्या टोपीभोवती जांभळं कडं म्हणजे साधी गोळी, लाल म्हणजे ट्रेसर (उजेडाची रेघ सोडत जाणारी), हिरवं म्हणजे चिलखत फोडणारी. एकदा माझ्या मामांनी शेतात नांगरताना सापडलेलं असं एक काडतूस वर्षभर देवघरात ठेवलं होतं. ताईंचं ऐका.

कोतवाले काका

जुनाबाजारी, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, दोन दिवस डोक्यात घोळत होता. ७.६२ वाचून सगळे एस.एल.आर. म्हणतील, म्हणजे थ्री नॉट थ्रीनंतर फौजेत आलेली सेल्फ लोडिंग रायफल. पण एस.एल.आर. ची लांबी जवळपास ४५ इंच आणि थ्री नॉट थ्रीची साडेचव्वेचाळीस, म्हणजे लांबीवरून काहीच ठरत नाही. खाचा बघा. एस.एल.आर. ला पिस्तुलासारखी मूठ असते, मॅगझिन बरंच खाली येतं, ती अशा उथळ खाचेत शेजारी शेजारी पाच बसणार नाही. तुम्ही लिहिलंय की लहान फळीच्या खाचाही रुंदच आहेत. नंबर फोरची नळी पुढे तीनेक इंच उघडी आणि बारीक असते. थ्री नॉट थ्री मार्क तीनचं लाकूड मात्र थेट तोंडापर्यंत जातं आणि पुढे ती जाडजूड टोपी, म्हणून खाच रुंद लागते.

मग ७.६२ कुठून आलं? १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने एक बंदूक काढली, टू ए, मग टू ए वन. अंगकाठी सगळी मार्क तीनची, दस्ता तोच, टोपी तीच, फक्त पोलाद सुधारलेलं, नळी आणि गोळी ७.६२ ची आणि मॅगझिन चौकोनी. टू ए वर साईट जुनीच २००० पर्यंतची, टू ए वन वर ८०० मीटरची. आणि पट्ट्यावर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह, खाली आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. अंगकाठी तीच म्हटल्यावर पेटी बदलायचं कारण नाही. माझा अंदाज असा की तुमच्या पेटीत आधी थ्री नॉट थ्री होत्या, नंतर त्याच खाचांत टू ए वन बसल्या. रंग काढू नका, पण रात्री दिवे बंद करून बॅटरी अगदी आडवी धरा, पेटीला जवळजवळ टेकवून, आणि रंगाखाली काही उचललेलं दिसतं का बघा.

एनसीसीवाली

काका, अंगावर काटा आला वाचून.

जुनाबाजारी

मंडळी, सुतार रद्द केला. काल रात्री लोडशेडिंग झालं तेव्हाच काकांनी सांगितलं तसं केलं. मुलीने बॅटरी धरली, मी त्या टोकाजवळ तोंड नेऊन बघत होतो. पांढऱ्या ७.६२ च्या खाली, थोडं डावीकडे, जुन्या हिरव्यावर उचललेली अक्षरं आहेत, रंगाखाली झाकलेली पण कडा सावली पाडतात. आधी एक टिंब, मग ३०३. आमच्या मुलीने ते आधी वाचलं.

अजून एक. झाकण उलटं करून आतून बघितलं तर तिथे रंग मारलेलाच नाही, कोरं लाकूड आहे, आणि पेन्सिलने एकाखाली एक पाच नंबर लिहिलेत, प्रत्येकाच्या पुढे एकच इंग्रजी अक्षर. अक्षर वळणदार आहे, कारकुनी हाताचं. चौथा नंबर एका रेघेने खोडलाय आणि शेजारी दुसरा लिहिलाय, त्याच्या पुढचं अक्षर मात्र वेगळं आहे. खाली छोटी सही, वाचता येत नाही.

कोतवाले काका

पाच खाचा, पाच नंबर. हे नंबर बंदुकांचेच. चौथी काढून दुसरी ठेवली, आणि ती दुसऱ्या लॉटची म्हणून अक्षर वेगळं. दुरुस्तीला गेली असेल किंवा कुणाला दिली असेल. आम्हीही असंच करायचो, रेघ एकच मारायची, खाडाखोड करायची नाही, जुना नंबर वाचता आला पाहिजे आणि बाजूला सही. ज्याने लिहिलंय तो माझ्यासारखाच कोतीतला माणूस होता.

खडकीकर

पेन्सिलवर पाण्याचं किंवा रॉकेलचं फडकं अजिबात लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ तेवढी झटका. झाकणाचे फोटो दिवसाच्या उजेडात घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि एक प्रिंट पेटीतच ठेवा. वाळवीचं बघा, भिंतीला टेकवू नका, खाली दोन विटा द्या.

जुनाबाजारी

विटा दिल्यात. बाकासाठी सुताराला वेगळ्या फळ्या आणायला सांगितलंय. पेटी आजोबांच्या फोटोखाली ठेवलीये, झाकण आतली बाजू दिसेल असं उभं करून. आई आज सकाळपासून दोनदा येऊन ते नंबर बोट न लावता मोजून गेली.